बाहेर वाढणाऱ्या ऑर्किड्सची निगा: नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

निशिगंध

नमस्कार मंडळी.

बागकाम नवीन नाही, गुलाब-मोगरा-जास्वंद वर्षानुवर्षं सांभाळते आहे, पण ऑर्किडच्या वाटेला कधी गेले नव्हते. आता एकदम तीन झाडं घरी आली आहेत. एक जांभळं डेंड्रोबियम, कळ्या लागलेलं. एक पांढरं फॅलेनॉप्सिस, फुलांसकट. आणि एक वांडा, जी नुसत्या लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत बसवली आहे. टोपलीत माती नाही, काहीच नाही, आणि मुळं खाली हातभर लोंबताहेत. ही मुळं मी बराच वेळ बघत बसले होते. चंदेरी रंगाची, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, आणि टोकाला बोटाच्या पेराएवढा चकचकीत हिरवा-जांभळा भाग.

मला ही झाडं घरात ठेवायची नाहीत. ऑर्किड म्हणजे काचघरात मोजूनमापून वाढवायची वस्तू, हे मला पटत नाही. रानात ती झाडांवर उन्हापावसातच वाढतात. माझ्याकडे गच्ची आहे, सकाळी चांगलं ऊन येतं, दुपारी दोननंतर भिंतीची सावली पडते, वारा भरपूर.

तर सांगा: ऊन किती द्यायचं, पाणी रोज का आठवड्याने, पाऊस लागला तर आत घ्यायची का, आणि कुंडीत नेमकं भरायचं काय? रोपं देणारा म्हणाला फक्त कोळसा. एका व्हिडिओत म्हणतात फक्त मॉस (वाळवलेलं शेवाळ). दुसऱ्यात म्हणतात दोन्ही चूक. तिन्ही झाडांना एकच नियम चालेल का, हेही कळत नाहीये.

रानवारा

अभिनंदन! फोटो हवेतच. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही, एकच नियम चालणार नाही. तुमच्याकडे आलेल्या तिघींच्या सवयी तीन वेगळ्या आहेत.

काळी_कसदार

वाचतेय. माझं फॅल (फॅलेनॉप्सिस हो) फुलं गळल्यावर तसंच उभं आहे, जिवंत आहे की नाही तेही समजत नाही.

गच्चीमाळी

प्रश्न पाच दिसतात, पण बहुतेकांचं उत्तर त्या चंदेरी मुळांत आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. लांबण लागेल, चालवून घ्या.

आपण कुंड्यांत वाढवतो त्या बहुतेक ऑर्किड्स मुळात जमिनीतल्या नव्हेतच. त्या फांदीला नाहीतर खडकाला धरून राहतात. बांडगुळासारखं झाडातून काही ओढून घेत नाहीत, नुसता आधार घेतात. त्यांच्या मुळांवर व्हेलामेन नावाचं जाड आवरण असतं. मेलेल्या, पोकळ पेशींचे थर. पावसाची सर आली की ते पटकन पाणी भरून घेतं आणि आतल्या जिवंत मुळाला पुरवतं. मग वारा लागला की पुन्हा कोरडं होतं. कोरडं असताना त्या पोकळ्यांत हवा असते म्हणून मूळ चंदेरी दिसतं, ओलं झालं की आवरणातून आतलं हरितद्रव्य दिसतं म्हणून हिरवं. वांडाच्या मुळांवर आत्ता पाणी मारून बघा, डोळ्यांदेखत रंग पालटेल.

हेच मूळ मातीत घातलं तर आवरण दिवसचे दिवस भिजलेलं राहतं. हवा मिळत नाही, आतलं मूळ गुदमरतं आणि मग बुरशी त्यावर ताव मारते. त्यामुळे 'पाणी किती' असं विचारण्यापेक्षा 'भिजल्यावर सुकायला किती वेळ लागतो' हे बघायचं. भरपूर भिजू दे, पण दुसऱ्या भिजण्याआधी सुकू दे. हे एक पाळलंत तर उन्हाचं, कुंडीचं, पावसाचं सगळं त्याच्या मागोमाग जुळतं.

तुमच्या झाडांपुरतं बोलायचं तर वांडाला भोवती काहीच नाही, ती तासाभरात सुकते. कोरड्या दिवसांत तिला रोज पाणी, तेही मुळं पूर्ण लांबीभर हिरवी होईपर्यंत. एकदा पाइप फिरवला आणि झालं, असं नाही. मारायचं, दोन-चार मिनिटं थांबायचं, पुन्हा मारायचं. किंवा बादलीत मुळं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायची. डेंड्रोबियम कुंडीत असतं, त्याला भरलेला माल सुकला की द्यायचं. वाऱ्याच्या गच्चीत ते एक-दोन दिवसांआड येईल. फॅलला सगळ्यात कमी, आणि नेहमी सकाळी, म्हणजे पानांच्या बेचक्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत वाळून जातं.

रानवारा

माळीबुवांना पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर: मूळ हिरवं झालं नाही आणि दाबून पोकळ, भुसभुशीत लागलं तर ते मेलेलं आहे, कापून टाका. घट्ट लागलं तर रंगाने तपकिरी असलं तरी राहू द्या. सालीत किंवा सोडणात वाढलेली मुळं रंग धरतात.

सुमन_आजी

निशिगंध, मी तर ठरलेल्या वारांना पाणी घालते आणि झाडं उत्तम आहेत. उगाच मुळं निरखत बसायला कुणाला वेळ आहे? सोमवार-गुरुवार, संपला विषय.

गच्चीमाळी

आजी, तुमची झाडं पडवीत छपराखाली असतात ना? मागे तुम्ही फोटो टाकले होते. तिथे पाऊस नाही, वारा बेताचा, त्यामुळे सुकायचा वेळ दर आठवड्याला जवळपास सारखाच. तिथे वार चालतील. उघड्या गच्चीवर आज झळा, उद्या ढग. तिथे कॅलेंडर बघून पाणी घातलं तर मुळं एक तर तहानतील नाहीतर कुजतील.

सुमन_आजी

हं, हे पटलं. पडवीतच असतात.

खडूफळा

आता कुंडीत काय भरायचं त्यावर. 'फक्त कोळसा' सांगणारे अर्धं सांगतात. लाकडी कोळसा सडत नाही, हवा खेळती ठेवतो, हे खरं. पण तो पाणी फार धरत नाही आणि खताचे क्षार मात्र धरून ठेवतो. कोरड्या हवेत नुसत्या कोळशावरचं डेंड्रोबियम सुरकुतलेलं दिसतं. मी अर्धा कोळसा, अर्धे नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरतो. तुकडे साधारण इंचभराचे. सोडण आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचं, म्हणजे त्यातला लालसर अर्क आणि क्षार निघून जातात.

चिमणचारा

सोडण अजिबात नको!! सततच्या पावसात त्याचा लगदा होतो. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसांमागून दिवस झड असते. सोडणातली मुळं काळी पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. विटांचे तुकडे आणि कोळसा, बास.

खडूफळा

चिमणचारा, तुमच्या पावसात तुमचं बरोबर. माझ्या कोरड्या हवेत माझं. सोडण दोन वर्षांनी बदलावंच लागतं, हेही मान्य.

पाणपोई

कोळसा-सोडण वादात मॉस बिचारं एकटं पडलंय, त्याची बाजू कोण घेणार? :)

खडूफळा

घेतो मी. स्फॅग्नम मॉस लहान पिल्लांसाठी (मोठ्या झाडाला फुटणारी छोटी रोपं) आणि मुळं गमावलेल्या आजारी झाडांसाठी उत्तम. पण सैल भरायचं. नवीन आणलेल्या फॅलच्या बुंध्याशी बऱ्याचदा मॉसचा घट्ट गोळा असतो, वाहतुकीत झाड सुकू नये म्हणून. बाहेर ठेवणार असाल तर फुलं संपल्यावर तो गोळा सोडवा. वरून कोरडा दिसतो आणि आत बोट घातलं की चिंब असतो.

आणि कोळसा म्हणजे लाकडाचा ओबडधोबड कोळसा. शेगडीसाठी साच्यातून काढलेले एकसारखे गोळे मिळतात ते नकोत, त्यात चिकटवायला आणि पेटायला काय काय घातलेलं असतं.

निशिगंध

किती छान माहिती! वांडावर पाणी मारून बघितलं. खरंच हिरवी झाली, आणि काही ठिकाणी पांढरे ठिपके तसेच राहिले. ते काय?

फॅलच्या बुंध्यात बोट घातलं. खडूफळा म्हणतात तसाच चिंब गोळा आहे.

उन्हाचं सांगा ना कुणीतरी. आणि पावसाचं.

गच्चीमाळी

ते पांढरे ठिपके-रेघा नैसर्गिक आहेत. वांडाच्या मुळांवर त्या जागी पाणी उशिरा शिरतं, तिथून हवेची ये-जा चालते. काळजी नको.

ऊनसावली

उन्हाचं मी सांगते, माझा आवडता विषय आहे.

पानांकडे बघा. गर्द काळपट हिरवी, मऊ, लांबुळकी पानं दिसायला सुंदर असतात, पण ते उजेड कमी पडतोय असं सांगत असतात. असं झाड वर्षानुवर्षं जगतं आणि फुलत नाही. पोपटी हिरवा रंग आला की उजेड योग्य. कडांना किंचित लालसर झाक आली की ती मर्यादा. आणि पिवळट-पांढरा डाग पडून तो पुढे तपकिरी, कागदासारखा झाला तर पान भाजलं. तो डाग जात नाही, पण वाढतही नाही, पान कापायची गरज नसते.

दुसरी परीक्षा हाताची. भर दुपारी पानाला हात लावायचा. हवेपेक्षा चांगलंच गरम लागलं तर सावली वाढवायची किंवा वारा मोकळा करायचा. भाजण्याचं कारण पानाचं तापमान असतं. त्यामुळे वाऱ्यात टांगलेलं झाड जे ऊन सोसतं, तेच भिंतीला चिकटवून ठेवलेलं सोसत नाही.

ढोबळ हिशोब: डेंड्रोबियम आणि रुंद पानांच्या वांडाला ५० टक्के सावलीची जाळी, फॅलला ७०-७५ टक्के. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन पहिल्या दोघींना थेट चालतं, फॅलला तेही गाळूनच. तुमची भिंतीची सावली दोननंतर येते म्हणजे अकरा ते दोनचं ऊन डोक्यावर आहे, तेवढ्यासाठी जाळी लागेलच.

सगळ्यात महत्त्वाचं: ही झाडं रोपवाटिकेतल्या जाळीखालून आली आहेत. आल्या आल्या उन्हात ठेवू नका. आधी पूर्ण सावली, मग दोन-तीन आठवड्यांत सरकवत सरकवत पुढे.

कुंपणावरचा_सरडा

रुंद पानांची वांडा म्हणालात, म्हणजे दुसरीही असते? माझ्याकडची काठीसारख्या गोल पानांची आहे, सरळसोट वाढतेय, फूल नाही.

ऊनसावली

असते ना. तुमच्या गोल पानांच्या जातीला थेट, पूर्ण ऊन लागतं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मिस जोकिम. १८९३ मध्ये सिंगापूरमध्ये अ‍ॅग्नेस जोकिम यांच्या बागेतून पुढे आलेला संकर, १९८१ पासून सिंगापूरचं राष्ट्रीय फूल. पूर्वी वांडा म्हणत, आता वनस्पतिशास्त्रज्ञ पॅपिलिओनँथे या प्रजातीत धरतात. तिची एक खोड आहे: शेंडा आधाराच्या काठीच्या वर गेल्याशिवाय ती सहसा फुलत नाही. तुमची काठी उंच असेल तर बघा.

कुंपणावरचा_सरडा

काठी झाडापेक्षा दीड फूट उंच आहे! आजच कापतो.

पाणपोई

सरडेबुवा, काठी कापा, झाड नको. :)

चिमणचारा

पावसाचं माझ्याकडे. फॅल पावसात ठेवायचं नाही म्हणजे नाही. त्याला एकच शेंडा असतो, वरच्या दोन पानांच्या मधोमध. तिथे रात्रभर पाणी साचलं की शेंडा कुजतो. नवीन पान हलकेच ओढलं की हातात येतं, बुडाशी तपकिरी चिकट. शेंडा गेला की ते खोड वर वाढत नाही. फार तर बुडातून पिल्लू फुटलं तर फुटलं.

झाडावरची

चिमणचारा, थोडी असहमत. माझ्या आंब्याच्या झाडाला फॅल बांधलेली आहेत, अख्खा पावसाळा अंगावर घेतात, शेंडा कुजलेला नाही. कारण ती आडवी, पानं खाली लोंबतील अशी बांधली आहेत. रानात फॅल अशीच वाढतात. पाणी शेंड्यात थांबतच नाही, ओघळून जातं. कुंडीत आपण त्यांना सरळ उभं करतो, म्हणजे पानांचं पन्हाळं आभाळाकडे करून ठेवतो. मग पाणी साचणारच.

बांधायची पद्धत: खरबरीत सालीचं, साल न सोलणारं झाड. नवीन मुळांची हिरवी टोकं नुकती फुटत असतील तेव्हाच. बुंधा घट्ट टेकला पाहिजे, हलता कामा नये, हलला तर मुळाचं कोवळं टोक घासून मरतं. सुती दोरीने बांधायचं, दोरी कुजेपर्यंत मुळं पकड घेतात. खाली मॉसची अगदी पातळ चकती चालेल, गादी नको.

चिमणचारा

आडवं बांधलेलं असेल तर मान्य. निशिगंधताईंची मात्र कुंडीत आहे.

निशिगंध

मग कुंडीच तिरकी टांगली तर?

झाडावरची

उत्तम! आता तुम्ही झाडाच्या बाजूने विचार करायला लागलात. जाळीची कुंडी घ्या आणि तिरकी टांगा. तरी सलग झड असेल तर फॅल छपराखाली न्या. डेंड्रोबियम आणि वांडा पावसात राहू द्या. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, त्यांना ते मानवतं. फक्त पावसाळ्यात कुंड्या जमिनीला टेकवू नका आणि एकमेकींना चिकटवू नका. मधून वारा गेला पाहिजे.

धुकटवाट

आमच्याकडे पावसापेक्षा थंडीचा प्रश्न मोठा. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली जायला लागलं की फॅल आणि वांडा आत घ्या, ती उष्ण प्रदेशातली झाडं आहेत. सिंबिडियम हे ऑर्किड मात्र बाहेर खुशाल राहतं, थंड रात्री मिळाल्या तरच नीट फुलतं.

फॅलच्या फुलण्याचाही तापमानाशी संबंध आहे. हवा सतत २८ अंशांवर राहिली तर ते पानंच काढत बसतं. रात्री थंडावल्या की फुलांची दांडी येते. म्हणून बाहेर ठेवलेलं फॅल घरातल्यापेक्षा बऱ्याचदा सहज फुलतं. निशिगंध, बाहेर ठेवायचा तुमचा आग्रह इथे अगदी योग्य आहे.

काळी_कसदार

अरे वा! म्हणजे माझं फॅल बाहेर काढायला हवं. आणि जुनी दांडी कापायची का?

धुकटवाट

दांडी हिरवी असेल आणि झाड धष्टपुष्ट असेल तर खालून दोन-तीन पेरं ठेवून वर कापा, तिथून फाटा फुटू शकतो. पानं सुरकुतलेली किंवा मोजकीच असतील तर बुडापासून कापा, झाडाला ताकद भरू दे. तपकिरी, वाळलेली दांडी बुडापासूनच.

रानवारा

थोडं विषयांतर. एका ओळखीच्यांनी रानातून सीतेची वेणी (झाडावर वाढणारी रानातली ऑर्किड) आणली, मुळं सालीसकट ओरबाडून. 'बाहेरच वाढवायचीत तर रानातलीच बरी' असं म्हणाले. निशिगंधताई तसं करणार नाहीत, पण वाचणाऱ्या नवशिक्यांसाठी लिहितोय.

गच्चीमाळी

बरं झालं काढलंत. हे विषयांतर नाहीच.

ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, एका शेंगेत लाखोंच्या घरात. त्यात अन्नाचा साठा जवळपास नसतो. योग्य बुरशी त्यात शिरली तरच ते रुजतं, हे १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. म्हणजे रानात लाखो बियांतून एखादं झाड उभं राहतं, आणि त्याला फुलायला बरीच वर्षं लागतात. ते आपण एका झटक्यात उपटून आणायचं? शिवाय बहुतेक ओरबाडलेली झाडं नव्या जागी तग धरत नाहीत. संपूर्ण ऑर्किड कुळ साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, आणि अनेक देशांत रानातून काढणं हा सरळ गुन्हा आहे.

आणि गरजच काय? १९२२ मध्ये ल्युइस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (जेलीसारखा पदार्थ), बुरशीशिवाय, बी रुजवून दाखवलं. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियमच्या कोंबाच्या टोकातून रोपं वाढवायची वाट दाखवली. आज विकायला येणारी फॅल आणि डेंड्रोबियम याच दोन वाटांनी प्रयोगशाळेत तयार होतात. रानाला हात लावायचं कारणच उरलेलं नाही.

झाडावरची

+१००. हे ओरबाडणं बघून जीव तुटतो.

पाणपोई

आणखी एक विषयांतर, गोड आहे म्हणून माफ करा. व्हॅनिलाही ऑर्किडच. तिचं फूल एका सकाळपुरतंच उघडतं. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने आतला पडदा उचलून अंगठ्याने परागीकरण करायची रीत शोधली. आजही जगभर व्हॅनिलाच्या शेंगा बहुतेक त्याच रीतीने धरतात. नाव मात्र त्याचं फार थोड्यांना माहीत.

सुमन_आजी

मला ठाऊकच नव्हतं. बारा वर्षांचं पोर!

निशिगंध

सगळ्यांचे आभार. आल्बियसची गोष्ट मुलीला वाचून दाखवली.

दोन शंका. डेंड्रोबियमच्या कळ्यांवर आणि दांडीवर पाण्यासारखे चिकट थेंब दिसताहेत आणि मुंग्या फिरताहेत. आणि त्याच्या मागच्या दोन काठ्यांना एकही पान नाही, पिवळसर आहेत. कापू?

ऊनसावली

काठ्या कापू नका!!!

खडूफळा

मीही तेच ओरडणार होतो. त्या काठ्या म्हणजे झाडाची कोठारं. पाणी आणि अन्न त्यांत साठवलेलं असतं, नवीन कोंब त्यावर पोसला जातो. डेंड्रोबियमच्या पानं गेलेल्या काठीलाही पुन्हा फुलं येतात. पूर्ण वाळून हलकी, पोकळ झाली तरच काढायची.

धुकटवाट

यात पोटभेद आहे. नोबिली प्रकारच्या डेंड्रोबियमला थंडीत कोरडी विश्रांती लागते, पाणी अगदी कमी आणि खत बंद. तेव्हा पाणी-खत चालू ठेवलं तर फुलांच्या जागी पिल्लं फुटतात. निशिगंधताईंचं वर्णन मात्र दुसऱ्या प्रकाराचं वाटतं, लांब दांडीवर ओळीने फुलं येतात तो. त्याला अशी कडक विश्रांती नको, थंडीत पाणी जरा कमी इतकंच. तुमच्या फुलांची दांडी काठीच्या टोकाजवळून निघालीये, की काठीभर पेरापेरातून गुच्छ आहेत?

निशिगंध

टोकाजवळून, एकच लांब दांडी.

धुकटवाट

मग दुसराच प्रकार. उन्हात-पावसात वाढवायला सोपा.

चिमणचारा

चिकट थेंब हा झाडाचाच मध आहे, कळ्यांवर येतो, घाबरायचं नाही. पण मुंग्या दिसल्या की पानांची मागची बाजू आणि काठीवरचे वाळके पापुद्रे जरूर तपासा. मुंग्या मिलीबग आणि खवले किडीला जपतात. कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून पुसायचा. पाच-सात दिवसांनी पुन्हा, कारण पिल्लं पापुद्र्याखाली लपलेली असतात. कोवळ्या कळ्यांना मात्र अल्कोहोल लावू नका.

बाहेरच्या ऑर्किडचा खरा वैरी गोगलगाय. तिला मुळांची ती चकचकीत हिरवी टोकं आणि कळ्या फार आवडतात. एका रात्रीत टोक सपाट खाल्लेलं दिसतं आणि ते मूळ तिथेच थांबतं. रात्री बॅटरी घेऊन कुंड्यांच्या बुडाशी बघायचं, हाताने उचलायच्या. गोळ्या टाकायच्याच तर लोह फॉस्फेटच्या. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना घातक असतात.

सुमन_आजी

गोगलगायींचं अगदी खरं. मी कुंड्या टांगल्या तेव्हापासून त्रास संपला.

ऊनसावली

खताचं कुणी बोललं नाही अजून. शेणखत, गांडूळखत कुंडीत भरू नका, मुळांभोवतीची हवा बंद होते. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत (नत्र-स्फुरद-पालाश सारख्या प्रमाणात) घ्या, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या पावपट करा, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा फवारा. आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग खत, कोरड्या मुळांवर क्षार थेट लागले तर टोकं जळतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी खळखळून धुवा. कोळशावर पांढरी पापडी दिसली तर धुणं कमी पडतंय.

रानवारा

कात्रीचंही सांगून ठेवतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं ज्योतीवर तापवून घ्या. ऑर्किडचे विषाणू कापताना रसातून पसरतात आणि विषाणू लागलेलं झाड बरं होत नाही. फुलं कापतानाही हेच.

निशिगंध

हे सगळं वहीत उतरवलं. फॅलवर मात्र वाईट बातमी. आणलं तेव्हा वरच्या टोकाला चार कळ्या होत्या, दोन पिवळ्या पडून गळल्या. जागा सावलीचीच आहे, पाणी बेताचं. काय बिनसलं असेल?

झाडावरची

जागा बदलली, बाकी काही नाही. फॅलच्या कळ्या हवा, उजेड, ओलावा अचानक बदलला की पिवळ्या होऊन गळतात. त्यात तुमची गच्ची वाऱ्याची, कोरडी. उरलेल्या दोन कळ्या वाऱ्याच्या झोतापासून आडोशाला ठेवा. आणि जवळपास पिकती फळं ठेवत असाल तर ती हलवा, त्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनेही कळ्या गळतात. पुढच्या बहराला कळ्या इथल्याच हवेत धरतील, तेव्हा असं होणार नाही.

कुंपणावरचा_सरडा

एक मूलभूत शंका. ज्याच्याकडे अजून एकही नाही अशा नवशिक्याने पहिलं कोणतं घ्यावं? इथे तीन झाडांवर इतकी चर्चा झाली, पण ती तर ताईंकडे आपसूक आली.

खडूफळा

माझं मत स्पॅथोग्लॉटिस. जमिनीत वाढणारी ऑर्किड, भुसभुशीत निचऱ्याच्या मातीत, सकाळच्या उन्हात. आपल्याला सवयीचं कुंडीतलं बागकाम तिला चालतं, आणि फुलं जवळजवळ वर्षभर येत राहतात.

गच्चीमाळी

नाही पटत. स्पॅथोग्लॉटिस सुंदर आहे, पण ती मातीची सवय मोडत नाही. पहिलं झाड असं हवं की ज्यावर मुळं वाचायला शिकता येईल. डेंड्रोबियम घ्यावं. चिवट असतं, पाणी कमी पडलं तर काठ्या सुरकुतून सांगतं, आणि लगेच मरत नाही.

खडूफळा

शिकायला वेळ असेल तर डेंड्रोबियम. फुलं बघून हुरूप यायला हवा असेल तर स्पॅथोग्लॉटिस. मी आपलं ज्याला त्याला विचारून सांगतो.

ऊनसावली

वांडा पहिलं झाड म्हणून कुणीच सुचवलं नाही, आणि निशिगंधताईंकडे तीच आहे. :) तिला रोजचं पाणी लागतं, चार दिवस गावाला गेलात तर शेजाऱ्यांना सांगून जा. पण रोज गच्चीत जाणाऱ्या माणसाला वांडा जमते.

निशिगंध

रोज जातेच, सकाळी सहाला. तर आता असं ठरवते आहे, बघा बरोबर आहे का. वांडा जाळीच्या कडेला टांगणार, सकाळचं ऊन थेट, नंतर जाळी, रोज दोन-तीनदा थांबून थांबून पाणी. डेंड्रोबियम त्याच जाळीखाली, आहे त्या कुंडीत, फुलं संपून नवीन कोंबाला मुळं फुटू लागली की अर्धा कोळसा-अर्धं सोडण. फॅल आतल्या बाजूला दुहेरी जाळीखाली, फुलं उतरल्यावर मॉसचा गोळा सोडवून जाळीच्या कुंडीत तिरकं, आणि झड लागली की छपराखाली. खत पावपट.

गच्चीमाळी

एकच दुरुस्ती. ५० टक्क्यांच्या जाळ्या दोन घातल्यात तर उजेड पावपट उरतो, म्हणजे ७५ टक्के सावली, ती फॅलला बरोबर. पण दोन जाळ्यांमध्ये फूटभर अंतर ठेवा, एकावर एक चिकटवल्या तर खाली गरम हवा कोंडते. आणि डेंड्रोबियमची नवी कुंडी आत्ताच्यापेक्षा फार मोठी घेऊ नका, काठ्यांभोवती दोन बोटं जागा पुरे. मोठ्या कुंडीचा मधला भाग सुकत नाही.

चिमणचारा

आणि तुमच्याकडे झड किती असते ते बघून सोडण कमी करा. हे शेवटचं, आता नाही बोलत. :)

खडूफळा

हे मात्र मान्य. झड जास्त असेल तर सोडण पाव, कोळसा-विटा पाऊण.

निशिगंध

दोन्ही नोंदवलं. वांडाच्या एका मुळाचं टोक आज सपाट खाल्लेलं दिसलं. रात्री बॅटरी घेऊन जाते.